घरात दोन कॅड

पुलगावात कॅड म्हटलं की एकच अर्थ निघतो: सेंट्रल ॲम्युनिशन डेपो, सैन्याचं दारूगोळा भांडार. आशियातल्या मोठ्या भांडारांत त्याची गणना होते, असं आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्यापुढे काही विचारलं की गप्प बसतो, कारण पुढचं आम्हालाही माहीत नसतं. आमच्या ह्यांची अख्खी नोकरी त्या कुंपणाच्या आत गेली. त्यामुळे शाळेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या सूनबाईला मी सहज म्हटलं, "आजकाल मी कॅड करते," तेव्हा ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "या वयात घेतात का जी मॅडम?"

माझं कॅड वेगळं. त्यात कम्प्युटरवर वस्तूंचे त्रिमिती आराखडे काढतात. इंजिनिअर मंडळी त्यावर पंप काढतात, गिअर काढतात, पूल काढतात. मी सांडशी काढते. पोळपाट, चहाची गाळणी, अडकित्ता, कपडे वाळत घालायचा चिमटा, कुकरची शिट्टी, हे सगळं मी काढलेलं आहे. म्हणजे जे घरात आधीच आहे, रोज वापरात आहे आणि ज्याचा आराखडा जगात कुणीही मागितलेला नाही, तेवढंच माझ्या वाट्याचं. आयुष्यभर गणित शिकवलं की निरुपयोगी गोष्ट नीटनेटकी सोडवण्याची सवय अंगात मुरते. निवृत्तीनंतर ती कुठे तरी खर्च करायला हवी.

घरात दोन कॅड झाल्यावर फरक फार मजेदार दिसायला लागला. ह्यांच्या कॅडमध्ये काही मोजायचं नाही, काढायचं नाही, फोटो घ्यायचा नाही आणि घरी येऊन बोलायचं तर मुळीच नाही. माझ्या कॅडमध्ये मोजल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही आणि जे मोजलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २०१६ च्या मे अखेरीस त्या भांडारात आग लागली, माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरात डेपोवरचे विनोद बेतानंच होतात. पण माझ्या कॅडवर ह्यांनी कितीही विनोद करावेत अशी मोकळीक आहे, आणि ते ती पुरेपूर घेतात.

मुलगा पुण्याला जाताना जुना लॅपटॉप सोडून गेला आणि त्यात फ्रीकॅड नावाची प्रणाली घालून गेला. फुकट आहे, हे तिचं पहिलं आकर्षण. दुसरं, तिचा विनय. २००२ पासून जगभरचे लोक ती तयार करताहेत आणि 'आवृत्ती १.०' असं म्हणण्याचं धाडस त्यांना २०२४ च्या नोव्हेंबरात झालं. बावीस वर्षं हे लोक 'अजून झालेलं नाही' म्हणत राहिले. आमच्याकडे नळाला पाणी येण्याआधी उद्‌घाटनाची फीत कापली जाते.

पहिली वस्तू काढली ती गडवा. पुण्यामुंबईचे लोक तांब्या म्हणतात तो. आमचा पितळी आहे, भंडाऱ्याकडचा, सासूबाईंच्या काळातला. गडवा काढणं कॅडमध्ये सगळ्यात सोपं, असं मुलगा म्हणाला होता. मधून एक उभा अक्ष धरायचा, गडव्याची एका बाजूची कड तेवढी रेखायची आणि ती अक्षाभोवती एक फेरा फिरवायची. रिव्हॉल्व्ह म्हणतात त्याला. कुंभार जे चाकावर करतो ते इथे एका बटणात होतं. कागदावर सगळं बरोबर होतं. अडचण एवढीच, की ती कड रेखायची कशी?

गडव्याच्या कडेत सरळ रेघ कुठेच नाही. पेंद्याजवळ बारीक वळसा, मग पोट सुटत जातं, अर्ध्यावर आलं की आवरतं घेतं, खांद्यावर एकदम वळून गळ्यात शिरतं आणि गळ्यातून ओठाकडे पुन्हा उमलतं. ही एकच रेघ, पण ती कुठे वळायची थांबते नि कुठे उलटी वळू लागते हे बोट फिरवलं तरच कळतं. रोज पाणी पिताना हात त्या वळणावर असायचा आणि हाताला ते ठाऊक होतं. मला नव्हतं.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोला भारत सरकारनं बोलावलं होतं. देशात वस्तूंची रचना शिकवायची तर कशी, हा प्रश्न होता. १९५८ साली त्यांनी अहवाल दिला आणि त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. देशभर हिंडून त्या दोघांना सगळ्यात सुंदर वस्तू कुठली वाटली असेल? लोटा. म्हणजे आमचा गडवाच, थोड्या फार फरकानं. लोटा नव्यानं घडवायचा तर काय काय विचारावं लागेल याची त्यांनी यादीच दिली आहे: पाणी किती मावावं, कमरेवर नेताना तोल कसा राहावा, डोक्यावर कसा, तळहातात कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, भरलेला असताना आणि रिकामा असताना वजन कुठे यावं, विकायचा किती रुपयांना, मोडीत घातला तर काय मिळेल. त्यांचं म्हणणं, हे कुणा एकानं बसून ठरवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी वापरून वापरून ते ठरत गेलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या स्क्रीनवर एक गडवा होता, तो दिसायला बरा होता आणि त्याला यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

मग जाडीचा प्रश्न आला. पत्रा किती जाड? ओठाशी कॅलिपर लागतो, पण ओठ वळवून दुमडलेला, त्यामुळे तिथली जाडी खोटी. पोटाशी कॅलिपर आत जात नाही, गळा आड येतो. इथे माझं गणित कामी आलं. गडवा वाण्याच्या काट्यावर ठेवला: ६८० ग्रॅम. पितळेची घनता सुमारे साडेआठ, म्हणजे धातू भरला ८० घन सेंटिमीटर. आणि स्क्रीनवरचा गडवा आपलं पृष्ठफळ स्वतःच सांगतो, तो म्हणाला सहाशे चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की जाडी हाती येते, सव्वा मिलिमीटरहून थोडी जास्त. वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या हा हिशेब केला तेव्हा मला आर्किमिडीजचा आनंद झाला. दुकानदाराला वाटलं मी गडवा मोडीत काढायला आणलाय. त्यानं भाव सांगितला.

आणखी एक गोष्ट. गडवा गोल नाही. म्हणजे दिसतो गोल, पण एका बाजूनं व्यास मोजला तर एक आकडा आणि फिरवून मोजला तर दुसरा. तांबटाच्या हातोडीचं काम ते, वर दोन पोचे आलेले. एक पोचा माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नातला आहे, त्याची हकीकत या घरात सगळ्यांना पाठ आहे. कॅडला पोचा कळत नाही. त्याच्या जगात प्रत्येक वस्तू आत्ताच दुकानातून आलेली असते. पाटा मधोमध झिजत नाही, सहाणेला खोलगट भाग पडत नाही, पावशीचं पातं घासून घासून अरुंद होत नाही. झीज काढायची सोय आहे, नाही असं नाही. पण मग झीज कितीनं, कुठे आणि कुणाच्या हातानं, ते सगळं मिलिमीटरमध्ये सांगावं लागतं. सासूबाईंचा उजवा अंगठा मिलिमीटरमध्ये सांगता येईना म्हणून तो नाद मी सोडला.

या छंदाचं एक आद्यपीठ आहे आणि तेही स्वयंपाकघरातलंच आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल हे संशोधक १९७५ च्या सुमारास कम्प्युटरवर काढायला एखादी साधी पण वळणदार वस्तू शोधत होते. चहाची वेळ होती. त्यांच्या पत्नी सँड्रा म्हणाल्या, ही आपली किटलीच काढ की. न्यूएलनी समोरची पांढरी मेलिटा किटली आलेखाच्या कागदावर रेखली आणि तिचे बिंदू यंत्रात भरले. पुढे जगभरच्या संशोधकांनी तीच किटली वापरली. प्रकाश कसा पडतो पाहा, किटली. सावली कशी पडते पाहा, किटली. चित्रपटांत ती गेली, विंडोजच्या एका जुन्या स्क्रीनसेव्हरमध्ये नळांच्या जंजाळात लपून बसली, आणि मूळ किटली आता कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर संग्रहालयात काचेत आहे. तिच्या पहिल्या आकृतीला तळच नव्हता. स्क्रीनवर तळ कोण पाहतो म्हणून न्यूएलनी काढला नसावा. किटली कोणती घ्यावी हे सुचवणाऱ्या बाईनं ती स्वतः काढली असती तर आधी तळ काढला असता, असं माझं मत आहे. मत फक्त माझंच आहे.

किटलीची वळणं ज्या गणितानं काढतात त्याला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे रेनॉ या फ्रेंच मोटारकंपनीतले इंजिनिअर. मोटारीचा पत्रा वळवायचा तर कारागिराच्या नजरेवर किती दिवस विसंबायचं, म्हणून त्यांनी वळणाला गणितात बसवलं. पण त्यांच्या आधी, १९५९ मध्येच, सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित शोधून ठेवलं होतं. कंपनीनं ते गुपित म्हणून कुलपात ठेवलं. बेझिए यांनी आपलं काम छापलं, आणि वक्राला नाव लागलं ते बेझिए यांचं. ही गोष्ट मी ह्यांना सांगितली. डेपोतल्या माणसाला ती लगेच पटली. पेपर खाली न घेताच म्हणाले, "मग? गुपित राखणाऱ्याचं नाव कधी झालं होय?"

गडव्यानंतर मी प्लास्टिककडे वळले आणि घरातली माणसं हैराण झाली. याचं कारण साचा. साच्यात ओतून काढलेली कुठलीही वस्तू साच्यातून सुटावी म्हणून तिच्या भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो, अंश-दोन अंशांचा. ड्राफ्ट म्हणतात. बादली खाली निमुळती का, चहाचा काचेचा ग्लास वर रुंद का, बर्फाच्या ट्रेचे खण तिरपे का, हे एकदा कळलं की मग स्वयंपाकघरात उभी भिंत शोधून सापडत नाही. त्यात बादली उलटी केली की तळाच्या मधोमध एक बारीक गाठ दिसते. तिथून वितळलेलं प्लास्टिक आत शिरलेलं असतं. डब्याच्या झाकणाच्या आतून पाच-सहा गोल ठसे दिसतात. झाकण साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांची ती डोकी. कंगव्याच्या कडेनं एक बारीक रेघ जाते, तिथे साच्याचे दोन अर्धे भाग मिळालेले असतात. वस्तू आपला जन्मदाखला पाठीवर घेऊन फिरत असतात, आपणच कधी उलटून पाहत नाही.

मी पाहायला लागले. लोकांच्या घरीसुद्धा. हळदीकुंकवाला गेले की आधी वाटीचा पेंदा पाहते, मग वाण कोणतं मिळालं ते. एका घरी साबुदाण्याच्या खिचडीची बशी उलटून पाहण्याचा मोह झाला, तेव्हा बशीत खिचडी होती. घरच्या बाईनं विचारलं, "काय झालं जी, केस निघाला का?" मी म्हटलं नाही, गोलाई बघून राहिले. यावर पुढे संभाषण होत नाही, असा माझा अनुभव आहे.

गोलाई म्हणजे फिलेट. कॅडमध्ये ठोकळा काढला की त्याच्या कडा सुरीच्या धारेच्या असतात. त्या मोडून गोल कराव्या लागतात. घरात फिरून पाहा, पावशीचं पातं सोडलं तर धारदार कड जवळजवळ कुठेच नाही. पोळपाटाची कड, बेलण्याची टोकं, पाटाचे कोपरे, सगळीकडे कुणी तरी बोटांची काळजी घेतलेली आहे. आणि ही गोलाई आसपासच्या जागेत मावेल एवढीच देता येते. जास्त मागितली की फ्रीकॅड आज्ञा पार पडली नाही असा इंग्रजी निरोप देतं आणि कारण सांगत नाही. सरकारी कचेरीत हयात काढलेल्या माझ्या नवऱ्याला या प्रणालीबद्दल जी थोडीशी आपुलकी आहे, ती या निरोपापुरती.

उन्हाळ्यातला माझा एक आवडता हिशेब सांगते. जगभरच्या आराखड्यांतली मापं २० अंश सेल्सिअसची धरायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून आहे. वीस अंश! पुलगावात मे महिन्यात वीस अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतील आणि तिथे ते जास्त झाले म्हणून फ्रिज कुरकुरेल. पारा पंचेचाळीसला टेकला की २५ अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात शंभर मिलिमीटर रुंदीचा पितळी गडवा सुमारे पाच शतांश मिलिमीटरनं फुगतो. माझा कॅलिपर दोन शतांश मिलिमीटर दाखवतो, म्हणजे फुगवटा दिसायला हवा. पण कॅलिपरही त्याच उन्हात बसलेला, तो पोलादी, तोही तीनेक शतांशांनी वाढलेला. वजाबाकी करून फरक उरतो तो कॅलिपरच्या एका बारीक घरापुरता. म्हणजे कूलरसमोर बसून मोजा की कूलरकडे पाठ करून, पुलगावचं ऊन गडव्यालाही आणि मोजणाऱ्यालाही जवळपास सारखंच लागतं. हा हिशेब ऐकवला की घरातलं ऊन कमी होत नाही, पण माझ्यापुरती दुपार निघून जाते.

मधल्या काळात छंदाचा उपयोग करण्याचाही एक प्रयत्न झाला. शेजारच्या सूनबाईच्या गॅस शेगडीचं बटण फुटलं. तिनं तुकडे आणून दिले. बटणाच्या मागचं भोक गोल नसतं, एका बाजूनं कापलेलं असतं, इंग्रजी डी अक्षरासारखं, म्हणजे दांडीवर ते नुसतं गरगर फिरू नये. मी ते मोजून काढलं, दांडीला अडकू नये म्हणून थोडा वाव ठेवला, फाइल पुण्याला मुलाकडे पाठवली, त्यानं मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून कुरिअर केलं. बटण बसलं, फिरलं, गॅस पेटला. टाळ्या वाजायच्या तेवढ्यात ह्यांनी माहिती पुरवली की तसलं बटण बाजारात वीस रुपयांना मिळतं. त्यानंतर कुणी तुटकं काही आणलं नाही आणि मी पुन्हा निरुपयोगी वस्तूंकडे निर्धास्त परतले.

जुन्या भांड्यांवर नाव असतं ना, टिंब टिंब ठोकून घातलेलं, तेही गडव्यावर काढायचं होतं. मजकूर ठरलेला: 'चि.' अमुक, 'सप्रेम भेट', तारीख. फ्रीकॅडनं अक्षरं घेतली आणि एकेक करून मांडली. 'चि' मधली वेलांटी 'च' च्या मागे जाऊन उभी राहिली, 'सप्रेम' चा 'प्र' फुटून 'प' आणि 'र' वेगवेगळे झाले आणि पाय मोडल्याची खूण मधे लटकत राहिली. सप्रेममधलं प्रेम मोडलं म्हणून ह्यांना काय आनंद झाला! शेवटी मी त्या अक्षरांचा फोटो घेऊन टिंबं एकेक करून हातानं बसवली. मूळ कारागिरानंही तेच केलं होतं, त्याला वेळ कमी लागला असेल एवढंच.

खरी चैन झाली ती पेटी चरख्याशी. सासऱ्यांचा चरखा माळ्यावर होता. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत तो निघाला तर आश्चर्य नाही. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी चरखा पेटीत बसवण्याचे प्रयोग केले, म्हणून त्याला येरवडा चक्र असंही नाव. पेटी उघडली की आत दोन चाकं, एक मोठं, एक लहान. मोठ्याची माळ लहानावर, लहानाची माळ चातीवर. मोठं चाक एकदा फिरेस्तोवर चातीच्या कितीतरी गिरक्या होतात आणि पेळूतून सूत निघतं. काम झालं की चाती मोडून, माळ सोडून सगळं पुन्हा पेटीत बसतं. ते 'पुन्हा पेटीत बसतं' फार अवघड आहे. प्रत्येक भागाला दोन घरं हवीत, एक कामाचं आणि एक झोपेचं, आणि एकाचं झोपेचं घर दुसऱ्याच्या आड येता कामा नये. सुटे भाग मी पटापट काढले. ते एका पेटीत निजवताना मात्र पावसाळा संपला.

इथे अटींची गोष्ट येते. फ्रीकॅडमध्ये नुसती रेघ मारून भागत नाही, तिला अटी घालाव्या लागतात. ही रेघ आडवी, ही तिला समांतर, हे वर्तुळ त्या रेघेला स्पर्श करणारं, हे अंतर इतकं. अट कमी पडली तर आकृती मोकळी राहते, बोट लावलं की पसरते. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की ती हिरवी होते. तो हिरवा रंग दिसला की मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटतं. एकच अट दोनदा घातली तर प्रणाली हरकत घेते, 'हे आधीच सांगितलंय' म्हणते. ही सोय संसारात आली तर निम्मं बोलणं बंद पडेल. अटी घालून आकृती बांधण्याची युक्ती इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत त्यांच्या स्केचपॅड या प्रणालीत दाखवली. प्रकाशाची लेखणी पडद्यावर टेकवायची आणि रेघेला सांगायचं, तू हिला समांतर हो.

पण त्याआधी चौतीस वर्षं, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघानं एक जाहिरात दिली होती. उत्तम चरखा करून द्या, एक लाख रुपये घ्या. आणि अटी पाहा. वजनाला हलका हवा, उचलून नेता आला पाहिजे. खेड्यातल्या झोपडीत, सवयीच्या बैठकीनं चालवता आला पाहिजे. बाईला सलग आठ तास फारसं न थकता चालवता आला पाहिजे. त्या आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. वीस वर्षं टिकला पाहिजे. त्या काळचे एक लाख रुपये! देशातून आणि देशाबाहेरून लोकांनी डोकी चालवली, पण सगळ्या अटी एकदम पाळणारा चरखा काही पुढे आला नाही. आकृती हिरवी झालीच नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं, तिथे चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. पुलगावहून गाडीनं जायला फार वेळ लागत नाही. मी जाते तेव्हा कॅलिपर घरी ठेवून जाते. ह्यांनी पाहिलं तर म्हणतील, काही कुंपणं तुलाही कळतात तर.

आता एवढ्यात एक निराळंच काम हातात आहे आणि त्यात मी अडकले आहे. माझं माहेर आर्वी. लहानपणी आर्वी ते पुलगाव ही साधारण ३५ किलोमीटरची वाट आम्ही छोट्या रेल्वेनं करायचो. १९१७ साली ती सुरू झाली, विदर्भातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला, किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या ताब्यात. ती बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. पुलगावच्या कापडगिरणीचंही तसंच झालं. तिथल्या लाकडी बाबिनी पुलगावातल्या कितीतरी घरांत अजून सापडतात, कुठे त्यात पेन उभे, कुठे उदबत्त्या. बाबीन मी काढली, कारण ती हातात आहे. आता काढायचा आहे तो त्या गाडीचा डबा, आणि त्याचं हातात काहीच नाही.

नाही म्हणायला एक आकडा आहे, दोन रुळांमधलं अंतर: अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तेवढी एक अट मी घातली आणि पडद्यावर दोन समांतर रेघा पक्क्या झाल्या. वरचं सगळं मोकळं. खिडकी माझ्या हनुवटीपर्यंत यायची, पण तेव्हा माझी हनुवटी जमिनीपासून किती उंच होती? बाकावर बसलं की पाय लोंबकळायचे, म्हणजे बाक उंच होता की मी ठेंगणी? पाठीला टोचायच्या त्या पट्ट्या किती होत्या? ह्यांना विचारलं, तेही त्या गाडीनं आर्वीला आले होते, मला पाहायला. म्हणाले, "मी खिडकी पाहायला आलो होतो होय?" म्हणजे तिथूनही माप मिळायचं नाही. फ्रीकॅड सांगत राहतं, अजून इतक्या मोकळीका शिल्लक आहेत, आणि अंदाजानं आकडे टाकायला मन होत नाही. गडव्याच्या बाबतीत मी अंदाज एकदाही केला नाही, मग गाडीच्या बाबतीत का करावा?

म्हणून हे लिहिते आहे. आर्वी-पुलगावच्या वाटेवर कुणाच्या घरी, गोठ्यात, शेतातल्या खोपडीत त्या गाडीचं काही असेल, खिडकीची फळी, बाकाची पट्टी, दाराची कडी, निदान एखादी बिजागरी, तर कळवा. मला ते विकत नको, नेणारही नाही. कॅलिपर माझा मी आणीन, अर्ध्या तासात मोजून परत निघेन. चहा केलात तर घेईन, पण कपही मोजीन.